घोडीजवळचा सूर

मोहने, आषाढ

चि. मुक्ता,

तुझा मेसेज वाचून हसू आलं, थोडा चिडलोही. चेलोवर एल्गर वाजवताना डोळे भरून येतात आणि या नव्या तुकड्यात नुसती खरखर, म्हणून सरांना नकार कळवू का, असं विचारतेस. कळवू नकोस.

चेलोवादक रॉस्ट्रोपोविच तुला आवडतो तो द्वोराकसाठी. रास्तच आहे. २१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये होते आणि त्याच संध्याकाळी लंडनमध्ये, सोव्हिएत वाद्यवृंदासोबत, त्याला त्या चेक माणसाचा कॉन्चेर्टो वाजवायचा होता. तो रडत रडत वाजवला. पण प्रोकोफिएव्ह, ब्रिटन, लुटोस्लाव्स्की या त्याच्या काळातल्या लोकांनीही त्याच्यासाठी लिहिलं, ते तू ऐकलंयस का? शोस्ताकोविचच्या बायकोने त्याला बजावलं होतं, लिहून हवं असेल तर मागायचं नाही, विषयही काढायचा नाही. गडी गप्प राहिला. १९५९ मध्ये कॉन्चेर्टो हाती आला, तो चार दिवसांत पाठ!

चेलोवर नवं काही करणारे शोधायला लांब कशाला, पनवेलजवळ पळस्प्याला झिया मोहिउद्दीन डागरांकडे नॅन्सी लेश ही अमेरिकन बाई चेलोवर धृपद शिकली.

मी मात्र माती खाल्ली. एका सिनेमाच्या रेकॉर्डिंगला अरेंजर म्हणाला, गज घोडीला चिकटवून ओढा. मला थट्टा वाटली, व्हायोलिनवर ओढला अर्धामुर्धा. तीन टेक फुकट गेले, मग तो तुकडा शेजारच्याला दिला. पुढे थेटरात तोच आवाज ऐकून अंगावर काटा आला. आणि तो माझा नव्हता.

तेव्हा असं कर. सकाळी हात ताजा असताना आधी नवा तुकडा, एल्गर नंतर. खालच्या 'सी' तारेवर हलक्या हाताने लांब गज ओढ आणि दर खेपेला बोटभर घोडीकडे सरक. सूर आधी काचेसारखा होईल, मग त्याच तारेत दडलेले वरचे स्वर सुटे ऐकू येतील. खरखर म्हणतेस ती हीच. तरीही एखादी जागा उमगली नाही तर लिहिणाऱ्याला फोन लाव. एल्गरला लावता येत नाही, हा हयात आहे.

इथे उल्हास दुथडी भरलीय. शनिवारी येशील तेव्हा आंबिवलीपर्यंत गर्दीत चेलो आणू नकोस, नुसते कागद आण. माझ्या व्हायोलिनवर बघू. मामी अळूवड्या करणार आहे.

तुझा,
मामा