स्वस्त आणि सवंग : टॅब्लेटची निवड कशी करावी?

गतवर्षी दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्यानंतर थोड्याच दिवसांतील गोष्ट. इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी मधल्या सुटीत शिक्षक-खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात रुमालात गुंडाळलेला टॅब्लेट होता. "सर, हा चार्जच होत नाही," एवढेच ती म्हणाली. तिचे वडील बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहेत. आदल्या दिवाळीच्या बोनसमधून सात हजार रुपये मोजून त्यांनी तो मुलीच्या अभ्यासासाठी घेतला होता. हमीची मुदत एक वर्षाची होती आणि ती संपून तीन आठवडे झाले होते.

संध्याकाळी वडील स्वतः आले. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. "सर, चूक आमचीच असेल. पण पुन्हा घ्यायचा म्हटलं तर काय बघून घ्यायचा, तेवढं सांगा," असे ते म्हणाले. प्रश्न साधा होता. परंतु आम्हाला तत्काळ उत्तर देता आले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. मग विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला. दुकाने पाहिली, पडदे फूटपट्टीने मोजले, वहीत हिशेब मांडले. त्या खटाटोपाचे फलित येथे विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

एक जुना धडा

अल्प किमतीचा टॅब्लेट ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' नावाच्या टॅब्लेटचे नवी दिल्ली येथे अनावरण झाले. विद्यार्थ्यांसाठी बनविलेल्या या यंत्राची सरकारला पडणारी किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. जगभर त्याचे कौतुक झाले. परंतु प्रत्यक्ष वापरात उणिवा दिसू लागल्या. त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबीची, आणि पडदा असा की बोटाने दाब द्यावा तेव्हा कोठे तो आज्ञा ऐके. बॅटरीही फार वेळ टिकत नसे. पुढे या प्रकल्पाची धुरा मुंबईच्या आयआयटीकडे आली. तेथे प्रा. दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली काम झाले, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' प्रकाशात आला. त्याचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा व रॅम ५१२ एमबीची होती. पडदाही हलक्या स्पर्शाने चालणारा होता. किंमत मात्र जवळजवळ तीच राहिली.

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो की, किमतीचा आकडा सारखा असला तरी आतील वस्तू सारखी नसते. जे कमी पैशांत आपले काम नीट करते ते स्वस्त. जे कमी पैशांत मिळते पण काम करीत नाही ते सवंग. खरेदीदाराने हा भेद ओळखायला शिकले पाहिजे.

प्रथम गरज, मग वस्तू

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून एका कागदावर आपली कामे लिहून काढावीत. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याची कामे बहुधा चार असतात : पाठ्यपुस्तके वाचणे, पाठांच्या चित्रफिती पाहणे, थोडेबहुत लेखन करणे व शब्दकोश किंवा माहिती शोधणे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात; कर्नाटक शासनाची मराठी माध्यमाची पुस्तकेही तशीच उतरवून घेता येतात. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या व्यासपीठावरील पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही पाहता येतात. या चारही कामांना उत्तम कॅमेरा लागत नाही, आणि खेळांसाठी लागणारी गतीही लागत नाही. ज्या गुणाची आपल्याला गरज नाही, त्याचे पैसे मोजणे हा उधळपट्टीचाच प्रकार होय.

पडद्याचे गणित

वाचन हे मुख्य काम असल्यामुळे पडद्याचा विचार अगोदर करू. पडद्याचे माप कर्णाचे असते, हे भूमितीच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. बाजूंचे प्रमाण १६ : १० असेल, तर ७ इंची टॅब्लेट उभा धरल्यास त्याच्या पडद्याची रुंदी सुमारे ९.४ सेंटिमीटर भरते, १०.१ इंचीची सुमारे १३.६ सेंटिमीटर. पुस्तकाचे ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे पूर्ण पान पाहताना लहान पडद्यावर प्रत्येक अक्षर मूळच्या ४५ टक्के आणि मोठ्या पडद्यावर ६५ टक्के होते. तीन मिलिमीटर उंचीचे अक्षर अनुक्रमे सुमारे १.३ व १.९ मिलिमीटरचे दिसेल. रोज दोन तास वाचणाऱ्या डोळ्यांना हा फरक फार मोठा आहे.

आता बिंदूंची संख्या पाहा. १०.१ इंची पडद्याच्या रुंदीत काही टॅब्लेटांवर ८०० बिंदू असतात, काहींवर १२००. पहिल्यात एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ५९ बिंदू बसतात, दुसऱ्यात ८८. आपले १.९ मिलिमीटरचे अक्षर पहिल्यावर ११ बिंदूंत उभे राहते, दुसऱ्यावर १७ बिंदूंत. रोमन अक्षराला ११ बिंदू एक वेळ पुरतील. परंतु आपल्या देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, अनुस्वार व रफार, आणि खाली उकार व जोडाक्षरे! एवढा संसार ११ बिंदूंत दाटीनेच मावतो. सबब, मराठी वाचणाऱ्याने पडद्याच्या बाबतीत शक्यतो काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेज आणि कपाट

रॅम व स्टोरेज या दोन शब्दांचा घोटाळा पुष्कळांच्या मनात असतो. रॅम म्हणजे आपले अभ्यासाचे मेज, आणि स्टोरेज म्हणजे पुस्तकांचे कपाट. मेज लहान असेल तर एक वही उघडताना दुसरी मिटावी लागते. यंत्र रखडते ते बहुधा यामुळेच. आजच्या कामांना २ जीबी रॅम अपुरी पडते. ४ जीबी असावी. येथे एका क्लृप्तीपासून सावध राहावे. काही डब्यांवर '४ + ४', म्हणजे '८ जीबी रॅम' असे छापलेले असते. यातील दुसरे चार हे कपाटातला कप्पा उसना घेऊन केलेले मेज असते. ते खऱ्या रॅमच्या गतीने चालत नाही. पहिला आकडा तेवढा खरा मानावा.

कपाटाचे गणित सोपे आहे. एका पुस्तकाची पीडीएफ ३० एमबीची धरली, तर शंभर पुस्तके ३ जीबीत मावतात. परंतु ३२ जीबीच्या टॅब्लेटात बराच भाग यंत्राची स्वतःची प्रणालीच व्यापते, आणि चित्रफिती तर जागा भराभर गिळतात. म्हणून ६४ जीबी असावे, अथवा निदान मेमरी कार्डाची सोय तरी असावी.

बॅटरी, सिम आणि वय

लिथियम बॅटरी सुमारे ५०० वेळा पूर्ण भरली व रिकामी झाली की तिची शक्ती साधारणतः मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज पूर्ण भरावी लागणारी बॅटरी दीड वर्षाच्या आतच या टप्प्यावर येईल. एक दिवसाआड भरावी लागणारी पावणेतीन वर्षांच्या सुमारास. मोठ्या बॅटरीचा खरा लाभ हा असा आहे.

सिम कार्ड चालणारा टॅब्लेट बहुधा महाग असतो. घरी एखाद्या मोबाइलवर इंटरनेट असेल, तर त्याच्या हॉटस्पॉटवर वाय-फायचा टॅब्लेट चालतो. वडील मोबाइल घेऊन कामावर जात असतील तरी बिघडत नाही. रात्री पाठ उतरवून घ्यावेत व दिवसा वाचावेत. वाचलेले पैसे पडद्यावर खर्च करावेत.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे तो यंत्राच्या वयाचा. टॅब्लेटची प्रणाली वेळोवेळी सुधारून देण्याचे काम कंपनी काही ठराविक वर्षेच करते. ती वर्षे सरली की यंत्र धडधाकट असूनही नवी अ‍ॅप्स हळूहळू त्यावर चालेनाशी होतात आणि सुरक्षिततेलाही धोका पोहोचतो. म्हणून दुकानदाराला अवश्य विचारावे : "याला सुरक्षा-अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार?" आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा एका दुकानदाराने आश्चर्याने आमच्याकडे पाहिले. असे गिऱ्हाईक त्याला पूर्वी भेटले नसावे!

वर्षाकाठचा हिशेब

समजा, 'अ' हा टॅब्लेट सहा हजारांचा आहे व दोन वर्षे काम देतो. 'ब' अकरा हजारांचा आहे व पाच वर्षे काम देतो. 'अ'चा खर्च वर्षाला तीन हजार, 'ब'चा दोन हजार दोनशे. आठवी ते बारावी या पाच वर्षांत 'अ'वाल्याला तीनदा खरेदी करावी लागेल. याखेरीज कव्हर, पडद्यावरची काच, मेमरी कार्ड, आणि डब्यात नसल्यास चार्जर, हे सारे आधीच बेरजेत धरावे; नाही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत व्हायची.

कोणी म्हणेल, "हिशेब पटला, पण हातात सहा हजारच आहेत, त्याचे काय?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. अशा वेळी आम्हाला तीन मार्ग दिसतात. एक, काही महिने थांबून रक्कम वाढवावी व तोवर घरच्या मोबाइलवर भागवावे. दोन, भावंडांनी एकाच यंत्राचे वेळापत्रक करावे. तीन, ओळखीच्या माणसाचा वापरलेला चांगला टॅब्लेट घ्यावा. हप्त्यांनी घेणे हा चौथा मार्ग आहे. परंतु 'बिनव्याजी' हप्त्यांतही प्रक्रिया-शुल्क असू शकते. ते मिळवूनच किंमत धरावी.

दुकानात पाहावयाच्या गोष्टी

(१) पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडून पूर्ण पान वाचून पाहावे.

(२) 'वाऱ्यावर', 'ऱ्हस्व', 'ज्ञानेश्वर', 'बाळकृष्ण' हे शब्द टंकित करून पाहावेत. ते सहज व शुद्ध उमटले तर मराठीची सोय ठीक आहे असे समजावे.

(३) डब्यावर अथवा यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोची खूण व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही ते पाहावे. टॅब्लेटांना ही नोंदणी सक्तीची आहे, आणि ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर क्रमांक पडताळता येतो.

(४) दुरुस्ती-केंद्र आपल्या गावात आहे काय, हे विचारावे.

(५) पक्के बिल घ्यावे. बिलावाचून हमीला अर्थ नाही. तंटा उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

(६) वापरलेला टॅब्लेट घेताना जुन्या मालकाने आपले खाते आपल्यासमोर काढून टाकले पाहिजे. नाही तर यंत्र कुलूपबंद राहील. पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोटाने रेघा ओढून पाहाव्यात, आणि चार्जरची पिन लावून ती सैल तर नाही ना, हेही तपासावे.

शेवट

आता ज्या प्रश्नातून हा लेख निघाला त्याकडे वळू. आम्ही एवढा अभ्यास करून नव्या टॅब्लेटचा कागद तयार केला आणि त्या मुलीच्या वडिलांना बोलावले. तेवढ्यात मंडळातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण हा उघडून कोणी पाहिला का?" कोणीच पाहिला नव्हता. बाजारातील एका कारागिराने तो अर्ध्या तासात उघडला. चार्जिंगची पिन जेथे बसते तो सॉकेट निखळला होता. अंथरुणावर पडून, वायर ताणून चार्ज करण्याच्या सवयीचा तो परिणाम. दुरुस्तीला सहाशे रुपये लागले.

टॅब्लेट पुन्हा सुरू झाला. तो लहान आहे, काहीसा रखडतो. पण पुस्तके दाखवितो. एका वर्षात बंद पडला असता तर त्याचा वर्षाचा खर्च सात हजार झाला असता. आता तो आणखी दोन वर्षे चालला, तर सात हजार सहाशेला तीनने भागून वर्षाचा खर्च अडीच हजारांच्या जवळ येतो. वडिलांनी आमचा कागद घडी करून खिशात ठेवला. "हा दहावीनंतर लागेल," असे ते म्हणाले, आणि बाजूला काढलेले पैसे त्यांनी मुलीच्या नावाने पोस्टात ठेवले.

आम्ही त्यांना निवड कशी करावी ते शिकवायला निघालो होतो. परंतु नवे घेण्यापूर्वी जुने उघडून पाहावे, हा आमच्या कागदावर नसलेला पहिला नियम आम्हीच शिकलो. वाचकांनी तो आमच्या यादीच्या शिरोभागी लिहून घ्यावा.