‘आऊट’ म्हणायची घाई

शालेय सॉफ्टबॉलमध्ये नियमांवरून भांडणं थोडीच होतात. जास्त होतात ती अंपायर कुठे उभा होता आणि कधी ओरडला, यावरून. तेरेखोलहून फेरीबोटीने केरीला उतरून पेडण्यातल्या सामन्यांना जायला लागल्यापासून मी हेच पाहतोय.

एक सामना मुलींचा होता. मी बेसवर, प्लेटमागे माझ्याहून जुने सहकारी. दोन आऊट झालेले. तिसरा स्ट्राइक पडला नि त्यांनी ‘बॅटर आऊट!’ अशी आरोळी ठोकली. चेंडू मात्र कॅचरच्या ग्लोव्हमधून निसटून लाल मातीत घरंगळत होता. दोन आऊट असताना असा चेंडू सुटला, की बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची मुभा असते. पोरगी दोन पावलं धावली नि आरोळी ऐकून थबकली. कॅचर तर मैदानाबाहेर निघालीसुद्धा. लगेच दोन्ही शाळांचे सर प्लेटपाशी. ‘सर, आऊट तुम्हीच म्हणालात ना?’ यावर काय बोलणार? नियम त्यांना तोंडपाठ होता, पण जीभ चेंडूच्या पुढे धावली.

म्हणून नव्यांना सांगतो, तिसऱ्या स्ट्राइकची खूण करा, पण ‘आऊट’ चेंडू पकडलेला दिसल्यावरच. मुलींच्या खेळात पिचर 43 फुटांवर असते; तयार पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीतून बघा, डोळे स्ट्राइक झोनच्या वरच्या कडेच्या उंचीवर, मान स्थिर. चेंडूमागे फक्त बुबुळं फिरली पाहिजेत. आणि मास्क, छातीचं नि नडगीचं पॅड नसेल तर तिथे उभंच राहू नका, आयोजक कितीही ‘चालतंय हो’ म्हणोत.

बेसवर नवखा अंपायर हमखास बेसला जाऊन चिकटतो. जवळून जास्त दिसतं हा भ्रम आहे. बेसपासून 18-20 फूट लांब, फेकीच्या रेषेशी काटकोनात या आणि थांबा. पळता पळता दिलेला निर्णय कोणालाच पटत नाही, जांभ्याच्या खडकाळ मैदानावर तर पाय घसरायचीही भीती. फेक सुटली की नजर बेसवर. पाय डोळ्यांनी टिपायचा, ग्लोव्हचा आवाज कानांनी. चेंडू ग्लोव्हमध्ये टिकलाय हे बघून मग मूठ वर.

सरावाला तीन पोरं पुरतात. एक फेकेल, एक झेलेल, एक पळेल. झेलणाऱ्याला बजावून ठेवा, मधूनच चेंडू मुद्दाम सोडायचा आणि तो कधी, ते सरांना कळू द्यायचं नाही.