मागल्या जन्माचे नाटक

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दोन्ही काठांवरच्या गावांत जत्रा भरली, की रात्री तमाशा नाहीतर गावच्या पोरांचे नाटक ठरलेले. आम्ही अशी पुष्कळ नाटके पाहिली. त्यांतली एक गोष्ट लोकांना फार आवडते. एक तरुण परगावी जातो. तिथला वाडा पाहून थबकतो. "हा जिना मी उतरलोय!" असे ओरडतो. त्याला मागला जन्म आठवतो. त्या जन्मी त्याचा खून झालेला असतो आणि खुनी समोरच उभा असतो. मग काय, पडदा पडेपर्यंत कोणी जागचे हलत नाही.

सिनेमावाल्यांनीही ही गोष्ट उचलली. १९५८ साली बिमल रॉय यांचा 'मधुमती' आला. १९८० साली 'कर्ज' आला. १९९५ साली 'करण अर्जुन' आला. तिन्हींत मेलेला माणूस पुन्हा जन्मतो.

पण ही गोष्ट सिनेमाने काढलेली नव्हे. ती फार जुनी आहे. सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी हर्ष नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या दरबारी बाणभट्ट नावाचा पंडित होता. त्याने संस्कृतात एक मोठी गोष्ट लिहिली. तिचे नाव 'कादंबरी'. कादंबरी हे त्या गोष्टीतल्या मुलीचे नाव. गोष्ट पुरी होण्याआधीच बाण वारला. मग त्याच्या मुलाने ती पुरी केली. आज आपण मराठीत लांबलचक गोष्टीच्या पुस्तकाला 'कादंबरी' म्हणतो. तो शब्द या पुस्तकावरून आला, बरे का!

याच गोष्टीवरून गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ साली मराठीत संगीत नाटक लिहिले. त्याचे नाव 'शापसंभ्रम'. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात कोवळी मुलगी बांधू नये, हे सांगणारे 'शारदा' नाटकही त्यांचेच. ते आम्हाला जास्त आवडते. पण आज विषय दुसरा आहे.

बाणाची गोष्ट मोठी गुंत्याची आहे. आम्ही त्यातला पोपटाचा भाग तेवढा सांगतो.

पुंडरीक नावाचा एक ऋषिकुमार होता. महाश्वेता नावाच्या मुलीवर त्याचे मन बसले. तिचेही त्याच्यावर बसले. पण भेट होण्याआधीच तो विरहाने मेला. महाश्वेता सरोवराच्या काठी त्याची वाट पाहत तप करीत बसली. "तुमची पुन्हा गाठ पडेल," असे तिला आकाशातून आलेल्या एका पुरुषाने सांगितले होते.

इकडे पुंडरीक उज्जयिनीच्या राजाच्या प्रधानाघरी पुन्हा जन्मला. आता त्याचे नाव वैशंपायन. त्याला मागले काही आठवत नव्हते. मोठा झाल्यावर तो फिरत फिरत त्याच सरोवरावर आला. तिथून त्याचा पाय निघेना. आपले इथे काहीतरी हरवले आहे, असे त्याला वाटे. काय हरवले, ते कळेना. महाश्वेता दिसताच तो तिच्या मागे लागला. तिने त्याला ओळखले नाही. ती रागावली आणि तिने शाप दिला, "तू पोपट होशील!" तो तिथेच गतप्राण झाला. जिची आस, तिनेच शाप दिला. आम्हाला तर या गोष्टीत हीच जागा सगळ्यांत दुःखाची वाटते.

पुढे तो पोपट झाला. विंध्याच्या रानात शिकाऱ्याने त्याच्या बापाला मारले. पिलू कसेबसे वाचले. एका मुनीच्या मुलाने ते आश्रमात नेले. तिथे जाबाली नावाचे वृद्ध ऋषी होते. त्यांनी पिलाकडे पाहिले आणि त्याच्या मागल्या जन्मांची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकल्यावर पोपटाला सारे आठवले.

इथे जरा थांबा, आणि हे वाक्य पुन्हा वाचा. ऐकल्यावर आठवले. आधी ऋषींनी सांगितले, मग पोपटाला आठवले. नाटकात हे चालते. ऋषी खरे बोलतात, हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेले असते. पण गावात एखाद्या पोराला मागला जन्म आठवला असे लोक म्हणतात, तेव्हा विचारावे, आधी कोण बोलले? पोर की माणसे?

दिल्लीच्या शांतीदेवीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ती लहानपणापासून म्हणे, माझे घर मथुरेला आहे, माझा नवरा तिथे आहे. १९३५ साली मोठमोठी माणसे तिला घेऊन मथुरेला गेली. तिने वाट दाखवली, घर दाखवले. देशभर बोलबाला झाला. पण त्याआधीच तो मथुरेचा गृहस्थ दिल्लीला येऊन तिला भेटून गेला होता. मग तिला ठाऊक कोणते आणि कानावर आलेले कोणते, हे कसे निवडायचे? पुढे अमेरिकेचे डॉक्टर इयन स्टीव्हन्सन १९६१ पासून आपल्या देशात येऊन अशा मुलांची चौकशी करीत. मूल काय म्हणते ते दुसऱ्या घरची गाठ पडण्याआधी लिहून ठेवलेले असेल, तर त्या कागदाला ते फार मोल देत. असे कागद फार थोडे मिळाले. घरात लिहिणारे कोणी नसे, हेही त्याचे एक कारण.

आता आमच्या पाहण्यातली एक हकीकत. भीमेच्या दौंडकडच्या काठावर एका घरी चार वर्षांचा मुलगा बोलू लागला, "माझं घर नदीपल्याड हाय." शिरूरकडच्या काठावर एका विधवा बाईचा तरणा मुलगा काही वर्षांपूर्वी नदीत बुडून गेला होता. बातमी तिच्या कानावर गेली. ती लाडू घेऊन धावत आली. भोवती बायकांनी गर्दी केली. "ही तुझी आई ना रं?" पोराने मान हलवली. "तू पाण्यात पडला होतास ना?" पुन्हा मान हलवली. झाले! तिकडे बाईच्या दिराला निराळीच धास्ती. उद्या हे पोर जमिनीत वाटा मागेल की काय!

मुलाची चुलती साक्षरतेच्या वर्गाला येत असे. सरावासाठी ती रोज वहीत चार ओळी लिही. पोर जे बोलले, तेही तिने लिहून ठेवले होते, ती बाई येण्याच्या आधी. आम्ही ती वही सर्वांसमोर तिलाच वाचायला सांगितली. तिने बोट ठेवून वाचले. घर नदीपल्याड. दारात लाल बैल. पेरूचे झाड. मोठा जिना. वहीत बुडाल्याचे नाव नव्हते, आईचे नव्हते. लाल बैल आणि जिना तर जत्रेच्या नाटकात होता. पोराने ते आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिले होते.

ती बाई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, आमच्या दारात पेरू न्हाई." थोड्या वेळाने म्हणाली, "पर पोरगं गोड हाय. मी येत जाईन." ती अजून येते. पोर तिला मावशी म्हणते. दिराची धास्ती मिटली.

पुनर्जन्म आहे की नाही, याचा निकाल आम्ही देत नाही. गीतेत तो सांगितला आहे. बुद्धाच्या जातककथांतही आहे. ज्याची त्याची श्रद्धा. पण त्या श्रद्धेवर कोणी पोळी भाजू लागला, तर गोष्ट वेगळी.

"मागल्या जन्मी तू माझी बायको होतीस," असे सांगून बायांना नासवणारे बुवा असतात. महाराष्ट्रात याविरुद्ध कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. पूर्वजन्मीचे नाते सांगून शरीरसंबंध ठेवणे, हा त्यात गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. चमत्कार दाखवून पैसे उकळणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड.

तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. बुवा काय बोलला, कोणत्या दिवशी बोलला, काय घेतले, तेव्हा कोण हजर होते, हे घरीच कागदावर ओळीने लिहून न्यावे. ठाण्यात गुन्हा नोंदवला, की त्याची नक्कल तक्रार देणाराला फुकट मिळते. ती मागून घ्यावी, आणि सही करण्याआधी स्वतः वाचावी.