वेबसाईट कशी झाली, हे एजंटाला विचारा

रबाळे एमआयडीसीच्या गाळ्यांत ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रील, दरवाजे, फर्निचर यांचे काम करणारे आपले काही बांधव आता धंद्याची वेबसाईट करून घेऊ लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींच्या खिडक्या-जाळ्या आता बदलायला आल्या आहेत. अशी कामे इस्टेट एजंट, छोटा बिल्डर, आर्किटेक्ट किंवा कंत्राटदार यांच्या ओळखीतून मिळतात आणि वेबसाईटही त्यांच्याचसाठी असते. पण ती तयार झाल्यावर दाखवली कोणाला जाते? भावाला, मेव्हण्याला, नमाजनंतर भेटणाऱ्या दोस्ताला. सगळे ‘माशाअल्लाह’ म्हणतात, बनवणाऱ्याचे पैसे चुकते होतात, आणि मग महिनोन् महिने त्या वेबसाईटवरून एकही फोन येत नाही.

मशवरा घेणे ही तर आपल्या दीनचीच शिकवण. पवित्र कुरआनच्या ४२ व्या सूरहचे नावच ‘अश्-शूरा’, म्हणजे सल्लामसलत. ज्याच्याकडे सल्ला मागितला तो अमानतदार असतो, असेही हदीसमध्ये आले आहे. तेव्हा सल्ला देणाऱ्याने केवळ खूष करण्यासाठी बोलू नये आणि घेणाऱ्याने त्या कामाची जाण असलेल्याच्याच दारात जावे. मेव्हण्याने आयुष्यात कधी साईटवर माल मागवलेला नसेल, तर त्याच्या पसंतीचा धंद्याला उपयोग काय?

आधी एक गोष्ट ठरवावी लागते. इमारतीच्या धंद्यातील माणसे म्हटली तरी सगळ्यांची गरज एक नसते. एजंटाला भाडेकरू येण्याआधी दोन दिवसांत मच्छरजाळी बसवून हवी असते. आर्किटेक्ट सेक्शन कोणता, पावडर कोटिंगचे रंग कोणते, हे पाहतो. बिल्डरच्या खरेदी विभागाला जीएसटी क्रमांक, चौरस फुटाचा दर आणि त्या दरात काच व फिटिंग धरले आहे की नाही, हे लागते. आपला माल यांपैकी कोणाला जास्त जातो ते पाहून त्याच जातीच्या पाच जणांकडे जावे.

पाचच का? वेबसाईटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली हे गणित मांडले. टॉम लँडॉअर यांच्यासोबत १९९३ साली केलेल्या अभ्यासाच्या आधारे त्यांनी सांगितले की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी बाहेर येतात. पुढच्या प्रत्येक माणसाकडून तेच तेच ऐकायला मिळते. म्हणून १५ जणांना एकदम दाखवण्यापेक्षा पाच जणांना दाखवावे, दुरुस्ती करावी, पुन्हा पाच जणांना दाखवावे, असा त्यांचा सल्ला आहे. लहान कारागिराला हा परवडणारा आहे. पाच जणांच्या चहाचा खर्च तो किती!

आता दाखवायचे कसे? ‘कशी वाटते?’ हा प्रश्न तोंडातून काढूच नये. तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही. त्याऐवजी काम सांगावे: ‘समजा ऐरोलीत तुमचा एक फ्लॅट आहे, परवा भाडेकरू येणार आहे, हॉलची जाळी फाटली आहे. या वेबसाईटवरून काय कराल ते करून दाखवा.’ मोबाईल त्याचा, इंटरनेट त्याचे, दुकानही त्याचेच असावे. आणि आपण गप्प राहावे. हे गप्प राहणेच सर्वांत कठीण आहे. समोरचा बटण शोधत असतो आणि आपली जीभ वळवळते, ‘शेठ, खाली बघा ना.’ पण गिऱ्हाईक एकटे वेबसाईट उघडेल तेव्हा ‘खाली बघा’ म्हणायला आपण तिथे नसणार. त्याचे बोट कुठे थांबले, तो कुठून मागे फिरला, फोन नंबर सापडायला किती वेळ लागला, हे वहीत लिहावे. शनिवार-रविवार एजंट फ्लॅट दाखवण्यात गुंतलेले असतात. मधल्या वारी, जोहरनंतर गेलेले बरे.

काम संपल्यावर एकच प्रश्न विचारावा: ‘मागच्या वेळी ग्रीलचे काम कोणाला दिले, आणि तो माणूस तुम्हाला सापडला कसा?’ पुढे काय कराल, असे विचारले तर लोक गोड बोलतात. मागे काय केले ते मात्र खरे सांगतात. बहुधा उत्तर येते की वॉचमनने किंवा दुसऱ्या एजंटाने नाव दिले. या धंद्यात नाव तोंडी फिरते. वेबसाईट नंतर उघडली जाते ती खात्री करायला, की माणूस खरा आहे का, गाळा कुठे आहे, आधी काम कुठे केले. हे एकदा कळले की पहिल्या पानावरचे मोठे मोठे शब्द काढून तिथे गाळ्याचा पत्ता आणि स्वतःच्या कामाचे फोटो लावावेसे वाटतील.

फोटोंबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. इंटरनेटवरून उचललेल्या परदेशी खिडक्यांचे फोटो आर्किटेक्ट लगेच ओळखतो, आणि मग खऱ्या कामावरूनही त्याचा विश्वास उडतो. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. उसना फोटो म्हणजे वर ठेवलेले कोरडे धान्यच आहे.

मिळालेला प्रत्येक सल्ला मानायचा नसतो. हिरवा रंग एकाला आवडला नाही तर राहू द्यावा; पाचांपैकी तिघे एकाच जागी अडखळले तर ती जागा त्याच आठवड्यात दुरुस्त करावी. एक सल्ला एजंटांकडून येण्यासारखा आहे: ‘वेबसाईटवर विक्रीचे फ्लॅटही टाका, लोक जास्त येतील.’ इथे सावध राहावे. रेरा कायदा २०१६ चा, आणि १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू आहे. नोंदणीकृत प्रकल्पातील घराच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करायची तर आधी एजंट म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर दिवसाला १०,००० रुपयांप्रमाणे, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. खिडक्या विकणाऱ्याने खिडक्याच विकाव्यात.

शेवटी वेबसाईट बनवणाऱ्याशी करायचा व्यवहार. अभिप्रायानंतरच्या दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेतच होतील आणि शेवटचा हप्ता त्यानंतर मिळेल, हे कामाआधी कागदावर घ्यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहेच. इथेही लिहिलेले असले म्हणजे दोघांत वाद होत नाही. दुसऱ्या फेरीसाठी मात्र नवे पाच जण शोधावेत. पहिल्यांना बटण कुठे आहे ते आता पाठ झालेले असते.