सिनेमा बघून आलेले पाहुणे

रत्नागिरीत आमच्याकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. कोण कुठला सिनेमा, कुठली मालिका बघून आलंय, हे पहिल्या चहालाच कळतं. त्यातून जे शिकले, ते लिहिते आहे.

१. माणसं जागेपेक्षा प्रसंगाच्या ओढीने येतात.
संभाजी महाराजांवरचा 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ला लागला आणि गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या वाट वाकडी करून संगमेश्वरजवळच्या कसब्याला जाऊ लागल्या. "काकू, महाराजांना पकडलं ती जागा इथून किती लांब?" हा प्रश्न रोजचा झाला. १६८९च्या फेब्रुवारीत मुघल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून आला, शंभूराजे आणि कवी कलश पकडले गेले, म्हाळोजी घोरपडे इथेच पडले. पुस्तकांत हे कधीपासून होतं, पण एवढी गर्दी सिनेमाने आणली. मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात संगमेश्वरला स्मारकही जाहीर झालं. सिनेमाचं हे बळ मी मनापासून मानते.
मात्र लोक त्या प्रसंगाशी जोडलेल्या सरदेसाई वाड्यापाशी जातात, डोळे पुसतात, फोटो काढतात आणि लगेच गाडीत बसतात. म्हणून मी निघतानाच सांगते, आधी कर्णेश्वराला जा. ते काळ्या दगडाचं देऊळ शंभूराजांच्या वेळीसुद्धा शेकडो वर्षांचं जुनं होतं. मंडपात घटकाभर बसा, खांबांवरचं कोरीवकाम नीट बघा, मग संगमावर उतरा. चहूकडचे डोंगर आणि दाट झाडी पाहिली, की शत्रू अंगावर येईपर्यंत कळलं कसं नाही, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

२. खरं काय ते फोनवरच सांगावं.
२०१८चा 'तुंबाड' २०२४मध्ये पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा चौकशा सुरू झाल्या. तुंबाड आमच्याच जिल्ह्यात आहे, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. पण पडद्यावरचा तो वाडा पुणे जिल्ह्यातल्या सासवडचा. हे कळल्यावर काही जण बेत रद्द करतात, करू देत. तरीही ज्यांना यायचं असतं, त्यांना मी श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' वाचून या म्हणते. वाचून आलेला माणूस नदीकाठी निवांत बसतो.

३. मालिकेतलं कोकण म्हणजे सगळं कोकण नव्हे.
'रात्रीस खेळ चाले' २०१६ला सुरू झाली, आणि तिच्यातल्या अण्णा नाईकांचा वाडा लोक रत्नागिरीत विचारू लागले. तो वाडा आकेरीला, सिंधुदुर्गात. आकेरीला पर्यटक मिळाले याचा आनंदच आहे. १९८१पर्यंत आमचे दोन्ही जिल्हे एकच होते. पण टीव्हीवरचं कोकण बहुतेक वेळा मालवणी बोलतं आणि भुताखेतांत रमतं. आमची संगमेश्वरी बोली, आमचं नमन, आमची जाखडी या लोककला त्यात दिसत नाहीत, ही माझी खंत आहे. तेव्हा शिमग्याला आलेल्यांना मी रात्री पालखी नाचते तिथे घेऊन जाते. ढोलाचा ठेका धरला, की वाड्याचा विषय निघत नाही.

४. जुना सिनेमाही अजून माणसं आणतो.
अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. ज्यांच्या पुस्तकावरून तो सिनेमा निघाला, त्या साने गुरुजींच्या पालगडला त्या ओढीने निघालेले वयस्कर शिक्षक आजही भेटतात. गर्दी नसते, पण ते नातवंडांना सोबत आणतात.

५. मोबाइलवरची रील समुद्राची ओढ दाखवत नाही.
आरे-वारेचा वळणावळणाचा रस्ता ड्रोनमधून फार देखणा दिसतो, आणि आहेच. पण तिथला समुद्र पावसाळ्यात पायाखालची वाळू काढून घेतो. जुलै २०२५मध्ये चार पर्यटक तिथे बुडाले. माझ्याकडे उतरणाऱ्याला पावसाळ्यात एकच अट असते: वरच्या रस्त्यावरून हवं तेवढं बघा, पाण्यात पाऊल टाकायचं नाही. काही जण रागावतात, एकदा आलेले पुन्हा येत नाहीत. तरी अट सोडत नाही.