न थांबणारे रक्त

सन १९०४ च्या ऑगस्ट महिन्यात रशियाचा सम्राट दुसरा निकोलस याला पुत्र झाला. चार कन्यांनंतर झालेला हा राजपुत्र! त्याचे नाव अलेक्सी ठेवण्यात आले. परंतु अवघ्या दीड महिन्यात या आनंदावर विरजण पडले. बाळाच्या बेंबीतून रक्त वाहू लागले आणि ते लवकर थांबेना.

मुलांना खेळताना लागते, खरचटते. घटकाभराने ती ते विसरूनही जातात. अलेक्सीचे तसे नव्हते. लहानशा आघाताने त्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठत, सांधा सुजून येई आणि तो कित्येक दिवस अंथरुणाला खिळून राही. त्याला जपण्यासाठी एक खलाशी सदैव त्याच्याबरोबर असे. तरीही १९१२ साली एका नावेजवळ उडी घेताना त्याच्या मांडीला मार बसला. तो बरा होत आहे असे वाटत असतानाच घोडागाडीच्या हिसक्यांनी आतल्या आत पुन्हा रक्तस्राव झाला. वरून जखम दिसत नव्हती. पण आठ वर्षांचा तो मुलगा मरणाच्या दारातून परत आला.

या विकाराला हिमोफिलिया म्हणतात. आपल्याला जखम झाली, की रक्तातील सूक्ष्म रक्तपट्टिका तेथे जमतात व छिद्र बुजवतात. परंतु हे बूच कच्चे असते. ते पक्के करण्यासाठी रक्तातील काही प्रथिने एकामागून एक कामाला लागतात व शेवटी बारीक तंतूंचे जाळे विणले जाते. या प्रथिनांना रक्त गोठविणारे घटक म्हणतात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. साखळीची एक कडी निखळली, तर सारी साखळीच निकामी होते. हिमोफिलियात आठवा किंवा नववा घटक फार कमी असतो. अशा रोग्याचे रक्त अधिक वेगाने वाहत नाही. ते अधिक वेळ वाहत राहते.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. अलेक्सीकडे तो त्याची पणजी, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया, हिच्याकडून आजी व आई यांच्यामार्फत आला. २००९ साली त्याच्या कुटुंबाच्या अस्थींची तपासणी झाली, तेव्हा दोष नवव्या घटकाचा होता, हे उघड झाले. कधीकधी घराण्यात कोणालाही नसताना हा विकार उद्भवतो. मात्र तो स्पर्शाने पसरत नाही.

रक्तस्रावाचे सर्वच विकार जन्मजात नसतात. यकृत बिघडले, के जीवनसत्त्व कमी पडले, किंवा डेंग्यूसारख्या तापात रक्तपट्टिका घटल्या, तरीही रक्त थांबण्यास वेळ लागतो. नाकातून वा हिरड्यांतून वारंवार रक्त येणे, मार न लागता काळेनिळे डाग उठणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. सुजलेला सांधा चोळू नये.

अलेक्सीच्या वडिलांचे साम्राज्य अफाट होते. पण मुलाच्या रक्तातील उणीव भरून काढणारे औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते. आज तो उणा घटक शिरेतून टोचून देता येतो. महाराष्ट्रातील काही शासकीय रुग्णालयांत तो विनामूल्यही मिळतो. औषधाइतकीच गरज असते ती सोबत्यांच्या समजूतदारपणाची. गुडघा दुखतो म्हणून एखादा मुलगा खेळात उतरला नाही, तर त्याला भित्रा म्हणून हिणवू नये. सर्वच जखमा डोळ्यांना दिसत नाहीत.