मुलांना मताधिकार असावा काय?

पावसाळ्याच्या सुरुवातीस, वर्ग नीट लागले की, आपल्या विद्यालयात शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. माजी विद्यार्थ्यांना ती आठवत असेलच. वसतिगृहात राहणाऱ्यांच्या दृष्टीने मुख्यमंत्र्यापेक्षा भोजनमंत्र्याचे पद मोलाचे. कारण भाकरी कच्ची राहिली किंवा आमटी पाणचट झाली, तर जाब त्यालाच विचारला जातो. पूर्वी हे मतदान हात वर करून होत असे. एका वर्षी आमच्या ध्यानात आले की, पाचवी-सहावीची मुले हात वर करण्यापूर्वी मागे वळून पाहतात. मागे दहावीची मुले बसलेली होती. शिक्षकांच्या बैठकीत एक सूचना अशी आली की, लहान मुलांना अद्याप समज नाही, तेव्हा त्यांना मतदानातून वगळावे. दुसरी सूचना चिठ्ठ्या आणि पेटी आणण्याची होती. बऱ्याच चर्चेअंती पेटी आली. त्या वर्षी सातवीतील एक मुलगी भोजनमंत्री झाली आणि लहान मुलांची पंगत आधी बसविण्याची पद्धत तेव्हापासून सुरू झाली.

शाळेतील मंत्रिमंडळ आणि देशाचे विधिमंडळ यांत फार अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तथापि मुलांच्या मताधिकाराचा विचार करताना आम्हांला ती पेटी आठवल्यावाचून राहत नाही.

मतदार होण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, ही रेषा आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. वस्तुतः ती अलीकडची आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मध्ये मूळ वयोमर्यादा एकवीस वर्षांची होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती अठरावर आली आणि २८ मार्च १९८९ पासून हा बदल अमलात आला. ह्या दुरुस्तीच्या उद्देशपत्रिकेत एक कारण असे दिले होते की, काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी अठरा वर्षे ही मर्यादा आधीच स्वीकारली आहे. म्हणजे वाट गावाकडून दिल्लीकडे गेली. ऑस्ट्रियातही असेच घडले. तेथील काही प्रांतांनी प्रथम नगरपालिकांच्या निवडणुकांत सोळा वर्षांच्या मुलांना मत दिले, आणि २००७ मध्ये संपूर्ण देशाने ती मर्यादा मान्य केली. ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेपासून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मतदान ऐच्छिक आहे. प्रौढांना मात्र ते सक्तीचे आहे. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलामुलींनी मत दिले.

ह्या प्रश्नावरील पहिला आक्षेप नेहमीच ‘समज नाही’ हा असतो. हा आक्षेप आपल्या समाजाच्या चांगलाच परिचयाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, आणि पुढे १९२८-२९ मध्ये सायमन आयोगाच्या निमित्ताने प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली, तेव्हा समोर हाच आक्षेप उभा होता. ज्यांना शिक्षणापासून दूर ठेवले, त्यांच्याच निरक्षरतेचे कारण दाखवून त्यांना मत नाकारणे, यातील अन्याय त्यांनी उघड केला. मताधिकार ही शहाणपणाबद्दल दिलेली बक्षिसी नसून, ज्यांच्याबरोबर आपण राहतो त्यांच्याशी असलेल्या सहजीवनाच्या अटी ठरविण्यातील तो आपला वाटा आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

बाबासाहेबांनी मागितला तो प्रौढ मताधिकार. मुलांच्या मतासाठी त्यांचे नाव पुढे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिवाय दोन्ही प्रसंगांत एक मोठा भेद आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाचा तो शिक्का वयाबरोबर पुसला जाणारा नव्हता. बालपण मात्र सरते. आज मत नसलेल्या मुलाला ते काही वर्षांनी मिळणारच असते. भिक्खू संघातही वयाची रेषा होती. संघाचे निर्णय ठराव मांडून आणि प्रसंगी शलाका वाटून बहुमताने होत. संघाच्या ह्या संसदीय रीतीचा उल्लेख बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केला होता. परंतु संघकर्मात गणना होई ती उपसंपदा झालेल्या भिक्खूंची, आणि उपसंपदेसाठी वीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. श्रामणेराला तेथे मत नव्हते. मात्र ती वीस वर्षे गर्भधारणेपासून मोजण्याची मुभा विनयात दिलेली आहे. रेषा आखणाऱ्यांनीच ती थोडी अलीकडे ओढली, हे आम्हांला फार बोलके वाटते.

‘मुले घरच्यांच्या सांगण्यावरून मत देतील’, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्त्रियांच्या मताधिकाराच्या वेळीही ‘त्या पतीच्या सांगण्यावरून मत देतील’ असे म्हटले गेले होते, एवढे सांगून तो निकालात निघत नाही. दहा वर्षांच्या मुलाचे अन्न, वस्त्र, निवारा सर्व दुसऱ्याच्या हाती असते. त्याच्या हाती मतपत्रिका दिली, तर घरातील कर्त्या माणसाला दोन मते मिळाल्यासारखे होईल, आणि गावातील दांडग्यांना दबावासाठी आणखी एक दुबळी जागा सापडेल. पंगतीचा क्रम ठरविणारे मत आणि आमदार ठरविणारे मत यांतील अंतर येथे दिसते. म्हणून लहान मुलांच्या मताधिकाराच्या बाजूने आम्ही नाही.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबाबत मात्र आमचे मत वेगळे आहे. दहावी झालेला मुलगा घर सोडून शहरात शिकतो, सुट्टीत कामाला जातो. चौदा वर्षांनंतर धोकादायक नसलेले काम करण्यास कायदाही आडकाठी करीत नाही. साबणाच्या किमतीतून तो कर भरतोच. वसतिगृहात जागा किती, शिष्यवृत्तीचा हप्ता केव्हा, कमी पटाची शाळा चालू राहणार की शेजारच्या गावात मिसळणार, गावातून महाविद्यालयापर्यंत बस किती वाजता सुटणार, हे निर्णय निवडून आलेली माणसे घेतात आणि त्यांचे परिणाम ह्याच वयाला भोगावे लागतात. अशा मुलांना निदान ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या निवडणुकांत मत द्यावे, अनुभव पाहावा, मग पुढचा विचार करावा, असे आम्हांला वाटते. सदस्य होण्यासाठी पंचायतीत एकवीस वर्षांची अट आहे. ती तशीच राहू द्यावी. आमच्यातील काही सहकाऱ्यांना हेही घाईचे वाटते. पुढाऱ्यांची पोरे आधीच झेंडे नाचवीत फिरतात, त्यात अकरावीच्या वर्गात प्रचार शिरेल, ही त्यांची भीती निराधार नाही. परंतु प्रचार वर्गात आजही शिरलेला आहे. नाही ती फक्त पेटी.

तोवर आहे त्या कायद्याची माहिती तरी मुलांना असावी. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहातील विद्यार्थ्याला गावचा किंवा वसतिगृहाचा, यांपैकी कोणताही एक पत्ता देता येतो. आपल्याकडे बारावीतील एका विद्यार्थिनीचे अर्ज भरताना याच रकान्यापाशी अडले. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिने थोडा वेळ विचार करून गावचा पत्ता लिहिला. निवडणूक हंगामात आली तर आमच्या घरातून मत द्यायला कोणीच नसते, असे ती म्हणाली.